तेराचा पाढा

"रोज तेराचा मीच का म्हणायचा? किशोरला आपला बेचा. बसल्या बसल्या बे दुणे चार. लय मजा हाय त्याची."

कुडाच्या भिंतीला कान लावावा लागत नाही, ती आपणहून सगळं ऐकवते. पुतळाबाई चुलीपुढे नागलीची भाकरी थापत होती आणि भिंतीपलीकडे ओट्यावर तिची दहा वर्षांची नात पल्लवी लाल रिबन दातात धरून धाकट्या भावावर कुरकुरत होती. किशोर सात वर्षांचा. तो म्हणाला, मला तेराचा निम्म्यापर्यंतच येतो, आणि मध्येच अडकलो तर काय होईल ते तुला माहीत हाय. यावर पल्लवीने दातातली रिबन ओढून घेतली. मुकाट्याने वेणी घालायला लागली.

पुतळाबाईला वाटलं, गुरुजी मारत असतील. आणि थोडं बरंही वाटलं. ती स्वतः शाळेची पायरी चढलेली नव्हती. पण मागच्याच बाजारी गुरुजी तिला थांबवून म्हणाले होते की आजी, तुमच्या बेटावरच्या पोरांचा तेराचा पाढा तालुक्यात कोणाला ऐकणार नाही. फक्त सातचा विचारला की सगळी आभाळाकडे बघतात, हे काय गौडबंगाल आहे कळत नाही. पुतळाबाईने त्यातलं पहिलं वाक्य तेवढं घरी आणलं होतं.

बेट म्हणजे काही जन्मापासूनचं बेट नव्हतं. आधी ते नुसतं टेकाड होतं. कळवणच्या वरच्या अंगाला धरण बांधलं, तेव्हा पुतळाबाईची थोरली वत्सला दहा वर्षांची होती. पाणी चढत चढत आलं, खालचं गाव सगळं पोटात घेतलं, आणि टेकाडावरच्या नऊ घरांच्या खाली येऊन, दम लागल्यासारखं थांबलं. गावातली माणसं पलीकडच्या काठावर नव्या गावठाणात गेली. या नऊ घरांच्या उंबऱ्याला काही पाणी लागलं नाही, म्हणून ती राहिली. सरकारी कागदात अजून पाडाच होता, पण नव्या गावात सगळे म्हणायचे, बेटावरचे आले.

आता बेटावर एक होडी होती आणि होडीला एक वल्हं. शाळा पलीकडे, दवाखाना पलीकडे, दळणाची गिरणी पलीकडे. पोरं, शेळ्या, भाताची पोती, नव्या नवऱ्या, सगळं त्या होडीतून जायचं-यायचं. दसऱ्याला नऊ घरची माणसं जमून वल्ह्याला हळदकुंकू लावत आणि ते एका माणसाच्या हातात देत. तो वर्षभराचा नावाडी. लग्नात पहिलं पान त्याचं. पहिल्या दसऱ्याला वल्हं मंगळूच्या हातात दिलं, ते आज दोन हजार तीन साल उजाडलं तरी त्याच्याच हातात. एकवीस वर्षं. मंगळू म्हणजे पुतळाबाईचा नवरा. रात्रभर वल्हं घरात देवाच्या फळीखाली उभं असायचं आणि मंगळू सकाळी आधी देवाला हात जोडायचा की वल्ह्याला, हे पुतळाबाईला कधी कळलं नाही.

आणि मंगळूला दिसत नव्हतं.

म्हणजे अगदी काळोख नव्हता. उजेड कळायचा, माणूस उभा आहे एवढं कळायचं. माणूस कोणता, ते नाही. तीन वर्षांपूर्वी त्याने दारातल्या बकरीला "या, बसा" म्हटलं होतं, तेव्हा सगळे हसले होते आणि तोही हसला होता. दुसऱ्या वेळी कोणी हसलं नाही. तेव्हापासून पुतळाबाईने घरातली एकही वस्तू जागची हलवली नव्हती. तंबाखूची पिशवी त्याच खिळ्याला, पाण्याचा तांब्या त्याच कोपऱ्यात. कोणी दारात आलं की ती आतूनच मोठ्यांदा म्हणायची, आली बघा सिंधुबाई, आज निळं लुगडं नेसून आली. सिंधुबाई शेजारीण. तिलाही ते पाठ झालं. हळूहळू अख्ख्या बेटालाच सवय लागली. मंगळूच्या ओट्यापुढून जाणारा प्रत्येक माणूस आपलं नाव सांगून जायचा. मी बहिरू, चाललो हो शेतात. मी सविता, पाणी आणते. बाहेरगावचा पाहुणा आला की म्हणायचा, काय रीतीभातीची माणसं आहेत ही.

पण बोललं कोणी नाही. बोलायचं म्हणजे त्या माणसाच्या हातातलं वल्हं काढून घ्यायचं, आणि ते कोणी काढायचं? मुलगा सुनील म्हणायचा, बाबांना पाण्याचा रस्ता पाठ हाय. सून सविता एकदोनदा बोलायला गेली, तर पुतळाबाईनेच तिला मीठ आणायला आत पाठवलं. नर्सबाईने मोतीबिंदूच्या शिबिराची चिठ्ठी दिली होती, पुढच्या बुधवारी, कळवणला. ती पुतळाबाईने उडदाच्या डब्यात खाली ठेवली होती. उडीद संपला की बघू, असा तिचा विचार होता. आणि तिने उडीद शिजवायचं बंद केलं होतं.

अशात नाशिकहून निकिता आली. वत्सलाची मुलगी, नऊ वर्षांची. वत्सलाला दिवस भरत आले होते, म्हणून दोन महिने पोरीला आजोळी पाठवली. येताना तिने वॉटरबॅग आणली, बूट आणले आणि वर्गात पहिली आल्याचं प्रमाणपत्र आणलं. पहिल्या संध्याकाळी तिने विचारलं, आज्जी, इथे लाईट जाते का? पुतळाबाई म्हणाली, आली तर जाईल.

पहिले तीन दिवस निकिता होडीच्या मधोमध, दोन्ही हातांनी फळी धरून, डोळे मिटून शाळेत गेली. चौथ्या दिवशी तिने डोळे उघडले. तो बाजारचा दिवस होता. पुतळाबाई एरवी दुसऱ्या खेपेला जायची, पण त्या दिवशी अंड्यांचं गिऱ्हाईक सकाळीच येणार होतं, म्हणून अंड्यांची पाटी मांडीवर आणि एक कोंबडी बगलेत घेऊन ती पोरांबरोबर बसली.

पौषातली थंडी होती. पाण्यावर वाऱ्याचा लवलेश नव्हता. मंगळू मागच्या टोकाला उभा राहून वल्हं मारत होता. सात पोरं पुढे. एकवीस वर्षांचा सराव तो, वल्ह्याचा आवाजसुद्धा होत नव्हता. पुतळाबाईला आपल्या नवऱ्याचा अभिमान वाटला आणि पाठोपाठ तिने मांडीवरची पाटी जवळ ओढली.

वठलेली चिंच आली. धरणाच्या पाण्यातून तिच्या फक्त वरच्या फांद्या निघालेल्या. तिथे किशोर अचानक म्हणायला लागला, बे एके बे, बे दुणे चार. बाकीच्या पोरांनीही सूर धरला. होडी डावीकडे वळली. बे पंचे दहापाशी पोरं थांबली आणि होडी सरळ झाली.

पुतळाबाईने पोरांकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. मग पुन्हा पोरांकडे. पल्लवी शहाण्यासारखी पुढे बघत होती. फार शहाण्यासारखी.

निकिताला मात्र राग आला होता. पहिल्याच दिवशी पल्लवी आणि किशोरने तिला बजावलं होतं की होडीत पाढे आम्हीच म्हणायचे, तू नाय. का, ते सांगितलं नव्हतं. आता किशोरचा बेचा ऐकून ती म्हणाली, एवढंच? हा तर आमच्याकडे बालवाडीत असतो. किशोर म्हणाला, मंग तुला तेराचा येतो का? आणि म्हणता म्हणताच त्याने जीभ चावली. पण शब्द सुटला होता. निकिता उभी राहिली, तिने हात मागे बांधले आणि स्नेहसंमेलनात म्हणतात तशा खणखणीत आवाजात सुरू केलं.

"तेरा एके तेरा. तेर दुणे सव्वीस."

होडी उजवीकडे वळली.

"तेर त्रिक एकोणचाळीस."

होडी आणखी उजवीकडे वळली. तेव्हा पुतळाबाईच्या डोक्यात लख्ख झालं. बे म्हणजे डावं. तेरा म्हणजे उजवं. गुरुजींचं गौडबंगाल ते हेच. या पोरांना सातचा येणार कुठून, सातने होडी वळतच नाही.

पल्लवीने खच्चून बेचा सुरू केला. किशोर तिला मिळाला. निकिताला वाटलं, हे आपल्याला हरवायला बघतात, तिने आवाज चढवला. मंगळू बिचारा एकदा इकडे वल्हं घाली, एकदा तिकडे. होडी पाण्यावर नागमोडी निघाली. पुतळाबाईला ओरडायचं होतं की अहो, सरळ, सरळ. पण तसं ओरडलं की सगळंच बोलल्यासारखं झालं असतं. तीन वर्षांची सवय अशी की तोंड उघडलं तर त्यातून नुसतं "अगं बाई" निघालं. आणि निकिताचं "तेर नव्वे एकशे सतरा" पुरं व्हायच्या आत होडी खालून खर्रकन घासली आणि थांबली.

कोंबडी बगलेतून सुटून होडीच्या नाकावर जाऊन बसली. दोन अंडी फुटली. बाकी कोणाला काही झालं नाही.

मंगळूने वल्हं खाली टेकवून पाहिलं. टक्क असा दगडाचा आवाज आला. पाणी गुडघाभर. त्याने आणखी एकदा टेकवलं, थोडं बाजूला, मग त्याच्या बाजूला. त्याच्या चेहऱ्यावर आधी घाम आला आणि मग हसू.

"उतरा रे पोरांनो," तो म्हणाला. "हा आपल्या जुन्या गावचा, वरच्या आळीचा पार. निकिता नवी हाय, म्हणलं तिला दाखवावा."

मग पल्लवी म्हणाली, हो ना आजोबा, मला पण कधीचा बघायचा होता. आणि फ्रॉक वर धरून पहिली उतरली. तिच्यामागून सगळी. पाणी गार होतं, पोरं किंचाळली, मग खिदळायला लागली. निकितासुद्धा बूट हातात घेऊन उतरली आणि तळपायाला दगड लागतात म्हणून नाचायला लागली.

पुतळाबाईही उतरली. सुरगाण्याकडून नवरी होऊन आली, तेव्हा बैलगाडी इथेच थांबली होती. पारावर म्हातारे बसलेले होते आणि ती मान खाली घालून त्यांच्यासमोरून गेली होती. बाईमाणसाने पारावर चढायचं नाही, अशी त्या गावाची रीत. गाव बुडालं, म्हातारे गेले, रीत कुठे गेली कोणाला ठाऊक. आज आंधळ्या नवऱ्याच्या कृपेने ती पारावर उभी होती, गुडघाभर पाण्यात, डोक्यावर अंड्यांची पाटी घेऊन. तिला हसू आवरेना. आणि आंधळा हा शब्द आपल्याच मनात आला हे लक्षात येऊन हसू जागच्या जागी थिजलं.

पोरांच्या ओरड्याने बहिरू आला, ट्रकच्या ट्यूबांवर फळ्या बांधून केलेला आपला तराफा घेऊन. त्याने दोर लावून होडी ओढून काढली. येताना लांबूनच म्हणाला होता, मंगळूदादा, मी बहिरू. आणि जाताना म्हणाला, वारा लय होता आज. पाण्यावर तेव्हा एक सुरकुती नव्हती.

दुपारपर्यंत बातमी नऊही घरी गेली आणि दिवस मावळायच्या आत नऊ कारणं तयार झाली. कोणी म्हणालं पाणी उतरलंय. कोणी म्हणालं सात पोरं आणि वर पाटी, होडीला भार झाला. सिंधुबाई म्हणाली कोंबडीच अपशकुनी होती, मला तिचे पाय आधीपासून आवडत नव्हते. सुनीलने वल्हं हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला की ते झिजलंय. सविता भांडी घासता घासता थांबली आणि म्हणाली, वल्हं नाय झिजलं. सासूने तिच्याकडे पाहिलं. सविताने पुन्हा राखेत हात घातला.

मंगळू ओट्यावर बसून सगळं ऐकत होता. वल्हं झिजलंय म्हटल्यावर तो हो म्हणाला. पाणी उतरलंय म्हटल्यावरही हो म्हणाला.

निकिता गोठ्यामागे रडताना सापडली. पल्लवीने तिला सगळं सांगितलं होतं, आईची शपथ घालून. बे म्हणजे काय, तेरा म्हणजे काय, आणि काठ जवळ आला की शाळेची प्रार्थना का सुरू करायची. दोन वर्षं पोरं हे करत होती. आधी नुसतं डावं-उजवं सांगत, पण मग आजोबा गप्प गप्प राहायचे, जेवायचे नाहीत. पाढे म्हटले की त्यांना वाटायचं, पोरं अभ्यास करतात. की त्यांना तसं वाटतं असं पोरांना वाटायचं. निकिता पुतळाबाईच्या पदराला नाक पुसत म्हणाली,

"आज्जी, मी मुद्दाम नाही केलं गं. मला कुणी सांगितलंच नाही."

पुतळाबाईने तिला जवळ घेतलं. तिला फुटलेल्या अंड्यांचं सांगितलं, कोंबडीचं सांगितलं, हसवलं. पण ते वाक्य तिच्या पदराला चिकटलं ते चिकटलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगळूने देवाला हात जोडले, वल्हं खांद्यावर घेतलं आणि तो होडीपाशी जाऊन उभा राहिला. ऊन वर आलं. पोरं आली नाहीत.

सिंधुबाईने सांगून पाठवलं, नातवाचं पोट दुखतंय. बहिरूच्या दोघांचंही पोट दुखत होतं. आणखी एका घरी बकरी व्यायली होती आणि तिच्यापाशी पोरगी हवी होती. पुतळाबाई घरातून हे सगळं ऐकत होती. शेवटी सविता आत आली, पल्लवी आणि किशोर दप्तरं पाठीला लावून तिच्यामागे. सविताने सासूकडे न बघता सांगितलं की किशोरचं अंग कोमट लागतंय. किशोर म्हणाला, माझं काही कोमट नाय. सविताने त्याच्या पाठीत हलकेच एक दिला. सगळ्या बेटाचं पोट एकाच सकाळी दुखत होतं आणि एकाही घरात ओव्याची फक्की निघाली नव्हती.

दारातून होडी दिसत होती. मंगळू वल्ह्यावर दोन्ही हात टेकून उभा होता. पायवाटेकडे तोंड करून. पोरांच्या पायांचा आवाज यायची वाट बघत. मध्येच एक बकरी पायवाटेने खाली गेली, तसा तो सरसावला, आणि मग पुन्हा तसाच उभा राहिला.

पुतळाबाई उठली. फळीवरचा डबा काढला आणि सगळा उडीद सुपात उपडा केला. चिठ्ठी घेतली, कमरेला खोचली. सविता बघत राहिली. पुतळाबाई तिला म्हणाली की आज उडदाची आमटी कर, आणि पोरांना घेऊन मागून ये, त्यांची शाळा बुडायला नको.

ती पायवाटेने उतरली. आज तिने नाव सांगितलं नाही. पण तिचं पाऊल त्याला कळायला नाव कशाला लागतंय.

"पोरं कुठं राहिली?" मंगळूने विचारलं.

ती होडीत चढली. मागच्या टोकाला, त्याच्याशेजारी. धरण भरलं त्या पहिल्या वर्षी बेटावरच्या सगळ्या बाया वल्हं मारायला शिकल्या होत्या, तीही शिकली होती, मग कधी हात लावायची वेळ आली नाही. तिने त्याच्या हाताच्या खाली, वल्ह्यावर आपला हात ठेवला. लाकूड त्याच्या हाताने गुळगुळीत झालं होतं.

"येतात मागून," ती म्हणाली. "वल्हं आज मी मारते."

"का? मला काय झालं?"

तो हे विचारताना हसत होता. नेहमीचं उत्तर येईल म्हणून थांबला होता. तिच्याकडे उत्तरं तयार होती, वारा, पाणी, झिजलेलं वल्हं. वर पायवाटेवर सविता आणि पोरं येऊन उभी राहिली होती. सिंधुबाई कुंपणापाशी होती, बहिरू खांद्यावरचं जू खाली ठेवून थांबला होता. सगळं बेट ऐकत होतं.

"तुम्हाला दिसत नाय," पुतळाबाई म्हणाली. "तीन वर्षं झाली. मला माहीत हाय, सुनीलला माहीत हाय, पोरांना हाय, कोंबड्यांना पण असंल. फक्त तुम्हाला कोणी सांगितलंच नाय. बुधवारी कळवणला डोळ्याचं शिबिर हाय, मी येणार संगं. तवर वल्हं मी मारते, रस्ता तुम्ही सांगा."

मंगळूने पाण्याकडे तोंड केलं. मग त्याने वल्ह्यावरचा एक हात काढला, दुसरा तसाच ठेवला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "पण पोरांचा तेराचा लय छान झाला होता गं."